वरचीचे डोळे

साइटवर तिला सगळे 'वरची' म्हणत. टॉवर क्रेनच्या डोक्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती दिवसभर लोखंडी सळ्या, विटा आणि काँक्रीटची बादली इकडून उचलून तिकडे ठेवायची. खालून बघणाऱ्याला ती कधी दिसायचीच नाही, दिसायचा तो फक्त हुक. त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना माणसं आपोआप मान वर करायची. 'वरचीला सांग', 'वरचीला विचार', 'आता सगळं वरचीच्या हातात'. नव्याने कामाला आलेल्या माणसाला आधी वाटायचं, ही मंडळी फार देवभोळी दिसतात.

शाळेपासून तिला जाड भिंगांचा चष्मा होता. क्रेनवर चष्मा चालत नाही असा कुठे नियम नव्हता, पण तिला तो चालत नव्हता. क्रेनवाल्याला समोर बघायचं नसतं, खाली बघायचं असतं. केबिनच्या तळालाही काच असते आणि विहिरीत डोकावावं तसं आपल्याच दोन पायांच्या मधून बघत राहावं लागतं. अशा वेळी चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर येतो. शिवाय जाड भिंगाच्या कडेतून सरळ भिंत वाकलेली दिसते. जिथे वीतभर चुकलं तरी कुणाचा तरी हात चेचला जाईल, तिथे वाकलेली भिंत परवडत नाही. म्हणून ती कॉन्टॅक्ट लेन्स वापरायची. इतकी वर्षं त्या लेन्सनी तिला कधी दगा दिला नव्हता. डोळ्यात लेन्स आहे हेच ती विसरून जायची.

गेल्या वर्षभरात मात्र विसरणं बंद झालं. सकाळी घालताना काही वाटायचं नाही. चहाच्या सुट्टीपर्यंत कुणी डोळ्यात चिमूटभर वाळू टाकावी तसं व्हायचं आणि जेवणापर्यंत त्या वाळूची खडी झालेली असायची. दुपारनंतर लेन्स बुबुळाला चिकटून बसायची आणि पापणी तिच्यावरून कोरड्या फडक्यासारखी घासत राहायची. मध्येच सगळं धुरकट व्हायचं, दोन-चारदा जोरात डोळे मिचकावले की पुन्हा स्वच्छ. घरी येऊन लेन्स काढली की डोळे असे जळायचे की तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

आणि यात सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे डोळ्यातून पाणी यायचं. भाजी चिरताना, रस्त्यावर वारा लागला की, कधी कधी उगाचच बसल्या जागी. पहिल्या डॉक्टरांनी 'डोळे कोरडे पडलेत' असं सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी ते ऐकून कपाळावर हात मारला.

"धार लागलीय पाण्याची, आणि म्हणे कोरडे. त्या डॉक्टरलाच आधी चष्मा लावायला सांग."

"आई, ते म्हणाले असं होतं कधी कधी."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," सासूबाई म्हणाल्या. "तू तो मोबाइल बघायचं कमी कर बरं."

दिवसभर क्रेनवर बसणाऱ्या बाईला मोबाइल बघायला वेळ कुठला, हे तिने सांगितलं नाही. सांगून झालं होतं.

डॉक्टरांनी तरी काय केलं होतं? बाहेर एवढी रांग होती की त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. एकदा डोळ्यात उजेड मारला, थेंबांची बाटली लिहून दिली आणि म्हणाले, "लेन्स बंद करा. चष्मा वापरा."

"चष्म्याने माझं काम होत नाही."

"काम महत्त्वाचं की डोळे?"

तिचं काम डोळ्यांचंच होतं. ते थेंब घातल्यावर पाच मिनिटं बरं वाटायचं आणि सहाव्या मिनिटाला पहिले पाढे पंचावन्न. मग चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने आणखी चांगल्या म्हणून दुसऱ्या लेन्स दिल्या. त्या आधीच्यांपेक्षा जास्त टोचायला लागल्या. शेवटी नणंदेने तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेले थेंब आणून दिले. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब. घातले की डोळे दोन मिनिटांत धुतल्या कपड्यासारखे पांढरे होत. वरचीला वाटलं, सापडलं एकदाचं. ती सकाळी घालायची, दुपारी घालायची, मग वर केबिनमध्येही सळ्यांच्या दोन खेपांच्या मध्ये हातमोजा काढून घालायची. महिनाभराने थेंबांचा असर उतरला की डोळे पहिल्यापेक्षा लाल दिसू लागले, म्हणून ती आणखी घालायला लागली.

तिचा नवरा रंगाच्या दुकानात होता. गिऱ्हाईक सांगेल ती छटा डब्यात मिसळून द्यायची, हे त्याचं काम. संध्याकाळी ती दारातून आत आली की तो तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणायचा, "आज जरा बरं आहे. काल थेट विटकरी होते, आज गुलाबीकडे झुकलेत."

"मला शेडकार्ड नकोय."

"अगं, मी नुसतं सांगतोय."

"सगळे नुसतं सांगतातच," ती म्हणायची आणि न्हाणीघराचं दार लावून घ्यायची. तो बिचारा बाहेर उभा राहायचा. त्याला काही सुचत नसे म्हणून तो विनोद करायचा हे तिला कळत होतं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि जळत असताना दुसऱ्याचा विनोद समजून घ्यायलाही अंगात त्राण राहत नाही.

साइटवर वेगळीच कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, हिचं घरी काहीतरी बिनसलंय, रडून येते. एकदा साइटचे साहेब तिच्याशी उद्याच्या कामाबद्दल बोलायला आले. ते नेहमीपेक्षा एक पाऊल जास्त जवळ उभे राहिले, आणि बोलता बोलता त्यांनी खोल श्वास घेतला. मग आणखी एकदा. वरचीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"साहेब, वास घेताय का?"

"तसं नाही बाई. पण डोळे असे तांबारलेले, माणसं बोलतात. माझीही जबाबदारी आहे."

"लेन्समुळे होतं. डोळे कोरडे पडतात."

साहेबांनी तिच्या गालावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काडीचाही विश्वास नव्हता.

त्या दिवशी ती वर चढताना प्रत्येक शिडीला मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होती. खाली असताना एकही सुचलं नव्हतं.

क्रेनवाल्याचे डोळे दोन असले तरी ते पुरत नाहीत. काही वेळा हुक भिंतीच्या पलीकडे उतरतो आणि वरून दिसतच नाही. तेव्हा खाली उभा असलेला सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगतो आणि वरची ऐकते. तिचा सिग्नलवाला पन्नाशी ओलांडलेला होता. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला वॉकीटॉकीची गरज नाही असा साइटवरचा समज होता. ती त्याला काका म्हणायची. कित्येक वर्षं दोघं दिवसभर एकमेकांच्या कानात बोलत आली होती. समोरासमोर मात्र फारसं बोलणं व्हायचं नाही. भोंगाकाकाला तिच्या श्वासावरून कळायचं की वारा वाढलाय. डोळ्यांचं मात्र तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या मनात होतं.

ज्या दिवशी ते झालं तो दिवस कोरड्या वाऱ्याचा होता. केबिनच्या पंख्याची हवा सरळ चेहऱ्यावर येत होती. जेवणानंतरच्या तिसऱ्या खेपेला हुकाला काँक्रीट ओतायच्या साच्याची मोठी पत्र्याची फळी लटकत होती. ती सातव्या मजल्यावर उतरवायची होती, आणि तिथे चार माणसं फळी धरून जागेवर बसवायला उभी होती. त्यातला एक भोंगाकाका.

"ये, ये, ये," काका सांगत होता. "हळू. आणखी हात-दीड हात."

तिने डोळे ताणून खाली पाहिलं. फळीच्या कडेला आणि माणसांच्या पिवळ्या टोप्यांना धुकं चढलं. तिने डोळे मिचकावले. धुकं गेलं नाही. पुन्हा मिचकावले, तर उजव्या डोळ्यातली लेन्स सरकली आणि कुठेतरी पापणीखाली जाऊन बसली. डाव्या डोळ्यात पाण्याचा लोट आला. पिवळ्या टोप्या विरघळून एकमेकींत मिसळल्या.

"आणखी हातभर," काका म्हणाला. "ये."

खाली घेता आलं असतं. काकाच्या आवाजावर तिने भिंतीआडचं कितीतरी ओझं उतरवलं होतं. एक हातभरच तर होतं. पण तेव्हा भिंतीआड काही दिसलं नाही तरी बाकीचं सगळं तिला दिसत असायचं. आता काहीच दिसत नव्हतं. तिने हात थांबवला.

"वरची, काय झालं? ये ना."

वॉकीटॉकीवर साहेब ऐकतात, ठेकेदाराची माणसं ऐकतात, गेटवरचा रखवालदारही ऐकतो. तिला ते माहीत होतं.

"काका, थांबलेय," ती म्हणाली. "मला दिसत नाहीये. सगळ्यांना बाजूला घ्या."

मग काकाचा आवाज आला. तो वॉकीटॉकीतूनही आला आणि खालून सरळ वरही आला. "बाजूला व्हा रे सगळे. लांब. आणखी लांब."

तिने हातमोजे काढून उजव्या पापणीखालून लेन्स ओढायचा प्रयत्न केला. बोटांना वंगण लागलेलं होतं, त्याने डोळा आणखीच पेटला. दुसरा क्रेनवाला खालच्या शेडमध्ये होता. तो शिड्या चढून वर येईपर्यंत फळी तशीच हवेत लटकत राहिली आणि ती एका हाताने डोळा दाबून, दुसऱ्या हाताने क्रेन चालवायचा दांडा धरून बसून राहिली. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्याने येऊन फळी उतरवली. ती मात्र शिडीची एकेक पायरी चाचपडत खाली आली.

साहेबांनी शांतपणे सांगितलं, "थांबलात ते चांगलं केलंत. पण आता डोळे ठीक असल्याचा दाखला आणेपर्यंत वर जायचं नाही. तोवर स्टोअरमध्ये बसा."

"म्हणजे खरं बोलल्याची शिक्षा."

"शिक्षा नाही बाई."

"मग काय बक्षीस आहे?"

ती वळली तर मागे भोंगाकाका उभा होता. तो तरी आपल्या बाजूने बोलेल असं तिला वाटलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने विचारलं. त्याचा आवाज एवढा लहान असू शकतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"वर्ष होईल."

"वर्षभर मी त्या हुकाखाली उभा राहतोय," काका म्हणाला. "तुझ्या डोळ्यांवर. आणि तू मला सांगितलं नाहीस."

"काका, दिसत होतं मला. आजच फक्त—"

"ते मला ठरवू द्यायचं होतंस," तो म्हणाला आणि निघून गेला.

स्टोअर म्हणजे पत्र्याची खोली. तिथे ती जाड चष्मा लावून हातमोजे, टोप्या आणि खिळ्यांच्या पिशव्या वाटत बसली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आता कसे आहेत डोळे?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच आपला उपाय सांगायचा. एकाने गार दुधाच्या पट्ट्या सांगितल्या, दुसऱ्याने दोन्ही वेळा गाजर. एकाच्या मेहुण्याने ऑपरेशन करून घेतलं होतं आणि आता त्याला चंद्रावरचे डाग दिसत होते. वरचीने त्याला खिळे कमी दिले.

नवऱ्याने कुठून तरी चौकशी करून एका लेन्सवाल्या बाईचा पत्ता आणला. ही बाई डॉक्टर नव्हती. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत तिची छोटी जागा होती. ती फक्त लेन्स घालणाऱ्यांचे डोळे तपासायची आणि गरज वाटली तर पुढे डॉक्टरांकडे पाठवायची. तिला भयंकर सर्दी झाली होती. वरची खुर्चीत बसली तेव्हा ती नाक पुसत म्हणाली, "डोळे नंतर बघू. दिवस कसा जातो ते सांगा."

"कोरडे आहेत, एवढं मला माहीत आहे," वरची म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"का कोरडे आहेत हे कुणी सांगितलं?"

वरचीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मग लेन्सवाल्या बाईने तिला बोलतं केलं. कुठे बसता, हवा कुठून येते, किती वेळ एकटक बघता, लेन्स कशात ठेवता, डबीतलं पाणी रोज बदलता की वरून भर घालता, डोळ्यात काय काय घालता. वरचीने लाली घालवणाऱ्या थेंबांची बाटली पिशवीतून काढली, तेव्हा त्या बाईने ती उचलून टेबलाच्या पलीकडे, आपल्या बाजूला ठेवून दिली. मग डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं. शेवटी एका बोटाने खालची पापणी दाबली आणि समोरच्या पडद्यावर दाखवलं. पापणीच्या काठावर बारीक बारीक तोंडं होती, आणि त्यातून दाबल्यावर टूथपेस्टसारखं काहीतरी जाडसर बाहेर येत होतं.

"हे तेल आहे," ती म्हणाली. "ते पातळ असायला हवं. डोळ्यातल्या पाण्यावर त्याचा पातळ थर बसतो, म्हणून पाणी उडून जात नाही. तुमचं तेल गोठलंय, तोंडं बंद झालीत. त्यामुळे पाणी टिकत नाही. डोळा कोरडा पडला की घाबरतो आणि एकदम भसाभसा पाणी सोडतो. तेही टिकत नाही, गालावरून वाहून जातं."

"म्हणून पाणी येतं?"

"म्हणून पाणी येतं. त्यात तुम्ही दिवसभर पापणी न लववता खाली बघता, तोंडावर पंखा, आणि लेन्स स्वतःच थोडं पाणी पिते. आणि हे थेंब," तिने बाटलीवर टिचकी मारली, "यांनी शिरा आवळल्या जातात म्हणून डोळा पांढरा दिसतो. असर उतरला की शिरा आणखी फुगतात. वर बाटली नासू नये म्हणून यात घातलेलं टिकाऊपणाचं औषध लेन्समध्ये मुरतं आणि डोळ्याला लागत राहतं. आगीतून फुफाट्यात."

इतक्या महिन्यांनी कुणीतरी नीट सांगत होतं. वरचीला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला रागच आला. इतकं साधं होतं तर आधीच्यांनी का नाही सांगितलं?

"मग आता बरं होईल?"

"आटोक्यात राहील."

"मी बरं होईल का विचारलं."

"मी आटोक्यात राहील म्हणाले," लेन्सवाली बाई म्हणाली आणि शिंकली.

उपाय ऐकून वरचीला वाटलं, यापेक्षा ऑपरेशन सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. काही आठवडे लेन्सला हातही लावायचा नाही. लाली घालवणारे थेंब बंद. दोन्ही वेळा गरम कापड मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवायचं, मग पापण्या वरून खाली, खालून वर हलक्या हाताने चोळायच्या, पापण्यांचे काठ पुसून घ्यायचे. टिकाऊपणाचं औषध नसलेले थेंब घालायचे. ते छोट्या छोट्या कुप्यांत येतात, एक कुपी उघडली की वापरून फेकायची. आणि पापण्या लववायच्या, पूर्ण. "तुम्ही अर्धीच लववता," ती म्हणाली. वरचीला जन्मात कुणी असा आरोप केला नव्हता.

घरी कापडाचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. कापड गरम असायचं तेव्हा चटका बसायचा, आणि चटका बसत नसे तेव्हा ते गार झालेलं असायचं.

"दहा मिनिटं म्हणजे किती वेळ असतो गं," सासूबाई तिसऱ्यांदा कापड बदलत म्हणाल्या. "आणि हे करून कोरडे डोळे ओले होणार?"

"तेल सुटणार."

"डोळ्यात तेल घालून बसतात ते ऐकलं होतं. डोळ्यातून तेल काढायचं नवीनच."

कापडाखाली वरचीला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. रुसवा अजून संपलेला नव्हता. पहिला आठवडा काहीच फरक पडला नाही. उलट ते जादूचे थेंब बंद केल्यामुळे डोळे असे लाल झाले की नवऱ्याने त्या छटेला नाव द्यायचंही टाळलं. तिने मनात ठरवलं, आणखी चार दिवस बघायचं, मग सगळ्या कुप्या कचऱ्यात. चार दिवसांनी ती तेच पुन्हा ठरवायची.

ठरलेल्या दिवशी ती लेन्सवाल्या बाईकडे मोठ्या आशेने गेली. पिवळा रंग, निळा उजेड, सगळं पुन्हा झालं.

"सुधारणा आहे," ती म्हणाली. "पण लेन्स अजून नाही."

"सुधारणा कुठे आहे? मला दिसत नाही."

"तेल थोडं पातळ झालंय. पाणी पहिल्यापेक्षा जास्त वेळ टिकतंय."

"मला तिथे स्टोअरमध्ये बसून वेड लागायची पाळी आलीय," वरची म्हणाली आणि तिचा आवाज चढला. "सांगाल ते सगळं केलं मी. सकाळ-संध्याकाळ तोंडावर फडकं टाकून मढ्यासारखी पडते. अजून नाही म्हणता. मग कधी? तुम्हाला काय, तुम्ही खुर्चीवर बसून 'अजून नाही' म्हणणार. माझी जागा दुसऱ्याला दिली त्यांनी."

लेन्सवाली बाई रागावली नाही. तिने दिवा बाजूला केला. "मी खोटं 'हो' म्हणू शकते," ती म्हणाली. "तुम्ही वर जाल. मग काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

वरचीला पिवळ्या टोप्या आठवल्या. ती उठून निघून आली, आणि त्या संध्याकाळी कुणी न सांगता कापड गरम करून घेतलं.

पुढच्या खेपेला लेन्स मिळाल्या, पण वेगळ्या. रोज नवी घालायची, रोज टाकायची. आणि घड्याळ लावून अर्धा दिवसच. जेवायच्या सुट्टीत काढायच्या म्हणजे काढायच्या. दाखल्यावरही तसंच लिहिलं होतं. साहेबांनी तो वाचला आणि मान हलवली.

"अर्धा दिवस म्हणजे काय बाई? मी बिल्डिंग अर्धा दिवस बांधू?"

"सकाळी मी, दुपारी तो दुसरा क्रेनवाला. त्यालाही दुपारीच यायला आवडतं, सकाळी त्याला उठवत नाही. विचारा त्याला."

"आणि दुपारी तो आला नाही तर?"

साहेब विचार करत राहिले. तेवढ्यात पत्र्याच्या दारातून भोंगाकाका आत आला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. स्टोअरमधून हातमोजे घ्यायलाही दुसऱ्याला पाठवायचा.

"साहेब, सकाळी ती असेल तर मी हुकाखाली उभा राहीन," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "पण एक आहे. जळायला लागलं की सांगायचं. दिसत असलं तरी सांगायचं. मी विचारेन आणि तू खरं सांगायचंस."

"सांगेन, काका."

"सगळ्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे."

केबिनमध्ये परत बसली तेव्हा तिने आधी पंख्याची जाळी पायांकडे वळवली. गुडघे गारठले, पण डोळ्यांवर हवा आली नाही. हुक रिकामा परत येत असताना काका वॉकीटॉकीवर म्हणायचा, "पापणी." ती दोन्ही पापण्या पूर्ण मिटायची, मनात एक-दोन म्हणायची आणि उघडायची. पहिल्या दिवशी साइटवर हसू पिकलं. ठेकेदाराची माणसं एकमेकांना जाता-येता 'पापणी, पापणी' करू लागली. दोन आठवड्यांत त्यांनाही कंटाळा आला.

डोळे अजूनही जळायचे. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी चहाच्या सुट्टीआधीच वाळू यायची, फक्त तिची खडी व्हायची नाही. कधी चार दिवस चांगले जायचे आणि तिला वाटायचं, सुटले. पाचव्या दिवशी सकाळीच पापण्या चिकटलेल्या असायच्या, आणि पुन्हा कापड, पुन्हा चोळणं, पुन्हा कुप्या. 'आटोक्यात' हा शब्द तिला आता मनापासून नकोसा झाला होता. बरं नाही, वाईटही नाही. हे जन्मभर करत राहायचं, रोज दात घासावेत तसं, या विचाराने एखाद्या दिवशी तिचा इतका संताप व्हायचा की ती फडकं बादलीत फेकून द्यायची. मग सासूबाई काही न बोलता ते पिळून पुन्हा तिच्या हातात द्यायच्या.

एके दिवशी साहेबांना ज्याची भीती होती तेच झालं. जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर दुपारच्या क्रेनवाल्याचा निरोप आला, त्याला ताप आहे. काँक्रीटच्या गाड्या गेटवर येऊन उभ्या होत्या. काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. साहेब स्वतः वॉकीटॉकीवर आले.

"बाई, आजच्या दिवस. दोन तास. तुमच्याशिवाय कुणी नाही."

तिने खाली पाहिलं. दिसत होतं. गाड्यांची फिरणारी पोटं, माणसं, स्लॅबवरची सळ्यांची जाळी, सगळं लख्ख. डोळ्यात थोडी चुरचुर होती, रोजची. दोन तास निघाले असते. कदाचित निघाले असते. वर्षापूर्वी तिने 'हो साहेब' म्हणताना विचारही केला नसता, आणि आत्ताही तिला हो म्हणायची इतकी इच्छा झाली की तिचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर गेला. साहेबांनी इतक्या अजिजीने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "जळायला लागलंय. थोडंच आहे, पण लागलंय."

"ऐकलं," भोंगाकाका म्हणाला.

"साहेब, मी खाली येतेय."

"अहो, गाड्या उभ्या आहेत. थोडंच आहे म्हणताय ना?"

"थोडंच आहे तोवरच उतरायचं, असं ठरलंय."

साहेब पुढे बरंच बोलले. त्यातलं अर्धं तिने ऐकलं. हुक रिकामा वर घेतला, दांडे जागेवर आणले, केबिन बंद केली आणि उतरायला लागली. खाली गाड्यांचे चालक हॉर्न वाजवत होते, कुणीतरी पंप मागवायला धावत होतं, आणि एकाने तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "एवढ्याशा डोळ्यापायी बघा." तिला तिथेच थांबून त्याला चार शब्द सुनवावेसे वाटले. पण शिडीवर थांबायचं नसतं.

खाली आल्यावर तिने नळावर साबणाने हात धुतले, स्वच्छ रुमालाला पुसले आणि स्टोअरच्या आरशासमोर उभी राहून लेन्स काढल्या. चष्मा लावला. दारातून साहेब फोनवर कुणावर तरी ओरडताना दिसत होते, कडेने जरा वाकलेले. भोंगाकाका बाकावर सरकून बसला आणि त्याने आपला डबा उघडला.

"साहेब आज दिवसभर असेच राहणार," तो म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. तिलाही राग आलेला होता आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. ती काकाशेजारी बसली आणि दोघं जेवायला लागली.